वाइनवर सोसायटीची बिलं

मुलुंडच्या एका हाउसिंग सोसायटीच्या ऑफिसातला पीसी. चौथ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, विंडोज १०. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे हा डबा तिकडे जाणं शक्यच नव्हतं. ब्राउझर, ईमेल आणि खजिनदारांच्या दोन-चार शीटा लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमवर विनातक्रार सुरू झाल्या. अडला तो मेंटेनन्स बिलांचा प्रोग्रॅम. व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी ६) मध्ये लिहिलेला, डेटा अ‍ॅक्सेसच्या एमडीबी या डेटाबेस फाइलमध्ये, लिहिणाऱ्याचा पत्ता नाही, सेटअपची सीडी कधीच गहाळ. चौऱ्याऐंशी फ्लॅट, तिमाही बिलं, थकबाकीवर व्याज आणि छपाई डॉट मॅट्रिक्सवर.

त्याच्यासाठी वाइन घेतलं, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर. प्रोग्रॅमची खिडकी उघडायला एक संध्याकाळ पुरली. बिल बरोबर निघायला पुढचे दोन शनिवार-रविवार गेले. वाइनच्या बाबतीत हे प्रमाण बहुतेक असंच असतं, म्हणून इथेही खिडकी उघडण्यावर कमी आणि त्यानंतरच्या भानगडींवर जास्त लिहिलं आहे. कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत दिली आहेत; टर्मिनलात ती रोमन लिपीतच टाकायची, व्हेरिएबलची नावं कॅपिटलमध्ये.

वाइन काय करतं ते थोडक्यात. ते प्रोसेसरची नक्कल करत नाही. विंडोजची ईएक्सई फाइल उघडून मेमरीत बसवतं, आणि तो प्रोग्रॅम विंडोजकडे जी जी कामं मागेल (फाइल उघड, खिडकी काढ, तारीख सांग) ती स्वतः लिहिलेल्या डीएलएलमधून (प्रोग्रॅमला लागणारी तयार कामं पुरवणाऱ्या फाइलींमधून) लिनक्सकडून करून घेतं. १९९३ पासून हे काम चालू आहे आणि १.० आवृत्ती यायला जून २००८ उजाडला. स्टीमवर गेम चालवणारं प्रोटॉन म्हणजे हेच वाइन, वर व्हॉल्व्हने २०१८ पासून घातलेली भर. व्हर्च्युअल मशीनचा (लिनक्सच्या आत आख्खा आभासी संगणक चालवण्याचा) विचार आम्ही केला होता, पण चारपैकी दोन जीबी रॅम पाहुण्या विंडोजला द्यायची आणि वर त्याचं लायसन्स, हे एका बिलिंग प्रोग्रॅमसाठी परवडत नव्हतं. (कमिटीच्या मीटिंगच्या इतिवृत्तात मात्र 'ऑफिसच्या संगणकावर वाइन बसवण्यास मंजुरी' असं लिहू नये. सर्वसाधारण सभेत त्यावरून अर्धा तास जातो.)

जुनं विंडोज पुसण्याआधी त्याच्यावरून काय काय काढून घ्यायचं, यावर पुढचं अर्धं काम अवलंबून असतं. प्रोग्रॅमचा अख्खा फोल्डर तर हवाच. त्यात किंवा सिस्टम फोल्डरमध्ये एमएसव्हीबीव्हीएम६० नावाची डीएलएल दिसली की व्हीबी ६ हे नक्की. ओसीएक्स शेपटीच्या फाइली (तक्ते, बटणं असे खिडकीतले तयार तुकडे) स्वतंत्र शोधाव्या लागतात. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट प्रोग्रॅमच्या ओसीएक्स सिस्टम३२ मध्ये नसतात, सिसवॉव६४ मध्ये असतात. नावं अगदी उलटी वाटतात पण आहेत तशीच. आम्हाला तीन मिळाल्या: एमएसकॉमसीटीएल, एमएसएफएलएक्सजीआरडी आणि कॉमडीएलजी३२. मग विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातले मराठी फॉन्ट. आणि रजिस्ट्री, म्हणजे विंडोज आणि त्यावरचे प्रोग्रॅम आपली सेटिंग्ज नोंदवतात ती वही. व्हीबीतले प्रोग्रॅम आपली सेटिंग्ज बहुधा 'एचकी करंट युजर'च्या खाली, सॉफ्टवेअरमधल्या 'व्हीबी अँड व्हीबीए प्रोग्रॅम सेटिंग्ज' या फांदीत ठेवतात. ती रेजएडिटमधून एक्स्पोर्ट करून घेतली. डेटाची वाट, बिलाचा पुढचा नंबर, प्रिंटरचा मोड, सगळं तिथेच होतं. लोकल मशीनखालची काही फांदी घ्यावी लागली आणि तिच्यात 'वॉव६४३२नोड' असा मधला शब्द आला, तर ३२-बिट प्रिफिक्समध्ये (वाइनच्या फोल्डरात, त्याबद्दल पुढे) आयात करण्यापूर्वी तो शब्द फाइलमधून काढून टाका, नाहीतर प्रोग्रॅम भलतीकडेच शोधत बसतो.

याच वेळी तपासायची आणखी एक गोष्ट: मशीनच्या मागे यूएसबीचं हार्डवेअर लॉक (जी लावल्याशिवाय प्रोग्रॅम चालत नाही ती खुंटी) लावलेलं आहे का? असेल तर तिथेच थांबा. अशा लॉकला कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) चालणारा स्वतःचा ड्रायव्हर लागतो आणि वाइन विंडोजचा कर्नल पुरवत नाही. डिजिटल सहीच्या टोकनचंही वाइनमधून करायच्या भरीला पडू नका. त्यासाठी लिनक्सचं पीकेसीएस ११ मोड्यूल (टोकनशी बोलणारी लायब्ररी) मिळतं का ते बघा आणि सही थेट लिनक्सवरून करा. आमच्या प्रोग्रॅमला लॉक नव्हतं. एवढं एक नशीब.

आणि छापील पुरावा. मागच्या तिमाहीची सगळी बिलं, थकबाकीची यादी आणि दोन-तीन सभासदांची खतावणी कागदावर काढून ठेवली. त्या तिमाहीची बिलं काढण्याच्या आधीची आणि नंतरची, अशा एमडीबीच्या दोन प्रती वेगळ्या ठेवल्या. हे का, ते पुढे कळेल.

लिनक्स मिंट २२ हे उबंटू २४.०४ वर उभं आहे आणि त्याच्या भांडारात (जिथून सॉफ्टवेअरची पॅकेजं उतरतात तिथे) वाइन ९.० आहे. आम्ही वाइनच्या अधिकृत भांडारातून १०.० घेतलं. स्थिर आवृत्ती दर जानेवारीला येते, मधे दर दोन आठवड्यांनी विकासातली आवृत्ती येते. ऑफिसच्या कामाला स्थिरच घ्या. डीपीकेजीला (पॅकेजं बसवणाऱ्या व्यवस्थेला) आधी आय३८६ हे ३२-बिट आर्किटेक्चर जोडावं लागतं, नाहीतर ३२-बिट भाग उतरतच नाहीत. इन्स्टॉल करताना 'रेकमेंड्स' (शिफारस केलेली जोडीची पॅकेजं) वगळू नका. वगळलं तर वाइन चालतं, पण सीयूपीएस या लिनक्सच्या छपाई व्यवस्थेची ३२-बिट लायब्ररी येत नाही, आणि लिनक्समध्ये धडधाकट दिसणारा प्रिंटर प्रोग्रॅमला दिसत नाही. व्हीबी तेव्हा 'रन-टाइम एरर ४८२' एवढंच म्हणतं, म्हणजे प्रिंटरची चूक. माणूस केबल तपासत बसतो.

पुढचा निर्णय प्रिफिक्सचा. प्रिफिक्स म्हणजे एक फोल्डर, त्याच्या आत त्या प्रोग्रॅमपुरतं आख्खं विंडोज: 'ड्राइव्ह_सी' ही सी ड्राइव्ह, रजिस्ट्री साध्या मजकुराच्या तीन फाइलींत, आणि 'डॉसडिव्हाइसेस' नावाच्या फोल्डरात ड्राइव्हच्या अक्षरांच्या सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे नेणाऱ्या खुणा). काही सांगितलं नाही तर होममधला लपलेला '.वाइन' फोल्डर वापरला जातो आणि सगळे प्रोग्रॅम एकाच पातेल्यात शिजतात. ते करू नका. प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळा प्रिफिक्स.

आमचा प्रिफिक्स ३२-बिट केला: 'वाइनप्रिफिक्स'ला फोल्डरची वाट, 'वाइनआर्क'ला विन३२, आणि मग 'वाइनबूट -यू'. कारण एमडॅक २.८ आणि जेट ४.० हे अ‍ॅक्सेसचा डेटा वाचणारे जुने तुकडे वाइनट्रिक्स (वाइनमध्ये विंडोजचे तुकडे बसवून देणारं साधन) ६४-बिट प्रिफिक्समध्ये बसवायला नकार देतं. इथे एक खड्डा आहे. वाइनच्या नव्या वॉव६४ पद्धतीत ३२-बिट प्रोग्रॅम ३२-बिट लिनक्स लायब्ररींशिवाय चालतात, पण निव्वळ विन३२ प्रिफिक्स तिथे बनत नाही. 'वॉव६४ मोडमध्ये याला आधार नाही' असा निरोप येतो आणि काम तिथेच संपतं. आर्च लिनक्सने जून २०२५ मध्ये आपलं वाइन याच पद्धतीवर नेलं. म्हणून कुणाच्या जुन्या मार्गदर्शनाबरहुकूम पावलं टाकताना आपलं वाइन कोणत्या पद्धतीने बांधलेलं आहे ते आधी बघा. वाइनबूट चालू असताना मोनो आणि गेको उतरवू का, असं विचारतं. पहिलं डॉटनेटसाठी, दुसरं प्रोग्रॅममध्ये वेबपान दाखवण्यासाठी. व्हीबी ६ ला दोन्हींची गरज नाही, रद्द केलं.

मग वाइनट्रिक्स. डिस्ट्रोच्या (मिंटसारख्या लिनक्स संचाच्या) पॅकेजातलं वाइनट्रिक्स बहुधा शिळं असतं आणि त्यातले डाउनलोडचे पत्ते मेलेले असतात. ती एक शेल स्क्रिप्ट आहे, मूळ भांडारातून ताजी घेतलेली बरी. क्रम असा ठेवला: कोअरफॉन्ट्स, व्हीबी६रन, एमडॅक२८, जेट४०. सगळं झाल्यावर वाइनसीएफजी (वाइनची सेटिंग्ज) उघडून विंडोजची आवृत्ती एक्सपी केली. ओसीएक्स फाइली प्रिफिक्सच्या सिस्टम३२ मध्ये टाकून प्रत्येकीची 'वाइन रेजएसव्हीआर३२' ने नोंदणी. नोंदणी राहिली की 'रन-टाइम एरर ३३९' येतो आणि तो निदान फाइलचं नाव तरी सांगतो. '४२९' मात्र मुका आहे: 'ॲक्टिव्हएक्स घटक तयार करता येत नाही', कोणता ते गुलदस्त्यात. आमच्याकडे तो डीएओ३६० निघाला. ही डीएलएल कॉमन फाइल्समधल्या 'मायक्रोसॉफ्ट शेअर्ड'च्या डीएओ फोल्डरात असते. तिथे जाऊन हाताने नोंदवली.

अशा मुक्या चुकांना एकच औषध, प्रोग्रॅम टर्मिनलातून चालवणं. 'वाइनडीबग'ला '+लोडडीएलएल' दिलं की कोणती डीएलएल कुठून उचलली आणि ती मायक्रोसॉफ्टची की वाइनची, ते ओळीओळीने दिसतं. 'फिक्समी'ने सुरू होणाऱ्या ओळींनी घाबरू नका, त्या वाइन लिहिणाऱ्यांनी स्वतःसाठी सोडलेल्या चिठ्ठ्या आहेत आणि चांगल्या चालणाऱ्या प्रोग्रॅममध्येही शेकड्यांनी पडतात. 'एरर:मॉड्यूल:इम्पोर्ट_डीएलएल' अशी ओळ आली तर मात्र थांबून वाचा. अमुक लायब्ररी सापडली नाही आणि तमुक फाइलला ती हवी होती, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं.

डेटाची वाट जुन्या मशीनवर डी ड्राइव्हची होती आणि प्रोग्रॅममध्ये ती तीन-चार ठिकाणी कोरलेली. ती बदलत बसण्यापेक्षा डॉसडिव्हाइसेसमध्ये 'डी:' नावाची सिमलिंक करून ती होममधल्या डेटाच्या फोल्डरला जोडली. प्रोग्रॅमला वाटतं डी ड्राइव्ह आहे. डेटा प्रिफिक्सच्या बाहेर राहिल्याचा फायदा असा की प्रिफिक्स बिघडला तर तो उडवून नवा करता येतो, हिशेबाला हात लागत नाही. एक किडूकमिडूक पण त्रासाची गोष्ट: विंडोजला 'डेटा' हे नाव कॅपिटलमध्ये असो की स्मॉलमध्ये, एकच. लिनक्सला ते दोन वेगळे फोल्डर. दोन निरनिराळ्या बॅकअपमधून कॉपी करताना आमच्याकडे असे दोन शेजारी शेजारी बसले, आणि प्रोग्रॅम त्यातला जुना उघडत होता. सभासदांची यादी तीच, बाक्या मात्र गेल्या वर्षीच्या. लक्षात यायला पाऊण तास गेला.

इथपर्यंत पहिली संध्याकाळ. प्रोग्रॅम उघडला, सभासदांची यादी दिसली, फ्लॅट नंबर टाकला की खातं समोर येत होतं. इथे हात झटकून उठला असतात तर पुढच्या तिमाहीला सोसायटीत भांडणं झाली असती.

कारण तारखा. मिंट बसवताना भाषा अमेरिकन इंग्रजीच राहिली होती. वाइन आपली प्रादेशिक सेटिंग्ज लिनक्सच्या लोकेलवरून (भाषा आणि प्रदेशाच्या सेटिंगवरून) उचलतं, म्हणजे प्रोग्रॅमच्या दृष्टीने मशीन अमेरिकेत: आधी महिना, मग दिवस. आता व्हीबीचा स्वभाव बघा. '२५/०४/२०२५' हा मजकूर तारखेत बदलताना पंचविसावा महिना नसतो हे त्याला कळतं, मग ते मुकाट्याने अदलाबदल करून २५ एप्रिल धरतं. काही विचारत नाही. पण '१०/०४/२०२५' मध्ये त्याला काहीच वावगं दिसत नाही, ती ४ ऑक्टोबर होते. म्हणजे महिन्याच्या तेरा तारखेपासून पुढचं सगळं बरोबर, आणि पहिल्या बारा दिवसांतलं चूक. त्यातही दिवस आणि महिना एकच असला, ५ मे किंवा ६ जून, तर पुन्हा बरोबर. सहज चाळून बघणाऱ्याला चूक सापडणारच नाही अशी ही रचना आहे.

पैशांत याचा अर्थ काय, ते एका खात्यावर बघू. आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर सरळव्याज, दर तेव्हा जास्तीत जास्त दरसाल दरशेकडा २१. एका सभासदाची ४,५०० रुपये बाकी, मुदत १० एप्रिल २०२५, व्याज ३० जूनपर्यंत. दिवस ८१. व्याज ४,५०० गुणिले ०.२१ गुणिले ८१ भागिले ३६५, म्हणजे २०९ रुपये ७१ पैसे. जुन्या छापील बिलावर हाच आकडा होता. वाइनवर काढलेल्या बिलात व्याज शून्य, कारण प्रोग्रॅमच्या मते मुदत ४ ऑक्टोबरला होती आणि ती अजून यायचीच होती. शेजारच्याच खात्यात उलटा प्रकार: ७ जूनला भरलेले पैसे प्रोग्रॅमने ६ जुलैला भरलेले मानले आणि भरूनही व्याज लागलं.

उपाय सोपा, पण तो योग्य जागी करावा लागतो. मिंटच्या सेटिंग्जमध्ये फक्त तारखेचा नमुना बदलला तर 'एलसी_टाइम' बदलतो आणि वाइन त्याच्याकडे बघत नाही. प्रोग्रॅम सुरू करतानाच 'एलसी_ऑल'ला भारतीय इंग्रजीचं लोकेल, एन_आयएन, द्यावं लागतं. ते सिस्टिममध्ये आधी तयार असायला हवं ('लोकेल -ए' ने यादी दिसते, नसेल तर लोकेल-जेन). मधलं चिन्ह तिरकी रेघ हवी की आडवी, ते रजिस्ट्रीत कंट्रोल पॅनेलखालच्या इंटरनॅशनल फांदीत 'एसशॉर्टडेट' या किमतीने ठरतं. पण नुसती रजिस्ट्री बदलून निर्धास्त राहू नका. पुढच्या वेळी कुणी वेगळ्या लोकेलमधून तोच प्रिफिक्स उघडला की वाइन ती फांदी नव्याने लिहितं. म्हणून प्रोग्रॅम उघडण्याचा एकच रस्ता ठेवला: चार ओळींची एक स्क्रिप्ट. पहिल्या ओळीत एलसी_ऑल, दुसरीत वाइनप्रिफिक्स, तिसरीत सीडी करून प्रोग्रॅमच्या फोल्डरात जाणं, चौथीत वाइन आणि ईएक्सईचं नाव. तिसरी ओळ गाळली तर मेनूवरून उघडताना चालू फोल्डर होम असतो, प्रोग्रॅमला शेजारची आयएनआय फाइल मिळत नाही आणि 'एरर ५३' येतो. डेस्कटॉपवरचं चिन्ह या स्क्रिप्टला जोडलं, बाकी सगळी चिन्हं काढून टाकली.

दुरुस्ती खरोखर झाली का, हे डोळ्यांनी तपासायचं नाही. तिमाहीच्या आधीची जी एमडीबी राखून ठेवली होती तिच्यावर वाइनमधून तीच बिलं पुन्हा काढली. आता हातात दोन फाइली: विंडोजवर तयार झालेली आणि वाइनवर तयार झालेली. लिनक्सवर एमडीबीटूल्स नावाचं पॅकेज आहे, ते वाइनच्या आणि जेटच्या वाटेला न जाता एमडीबी थेट वाचतं. 'एमडीबी-टेबल्स' ने तक्त्यांची नावं, 'एमडीबी-एक्स्पोर्ट' ने प्रत्येक तक्ता सीएसव्हीत (साध्या मजकुराच्या फाइलीत). तारखेचा नमुना वर्ष-महिना-दिवस असा सांगून द्या, नाहीतर ज्या गोंधळातून बाहेर आलो त्यातच परत. मग दोन्ही बाजूंच्या सीएसव्हींवर 'डिफ' (दोन फाइलींतला फरक दाखवणारी कमांड). पहिल्या खेपेला बिलांच्या तक्त्यात एकोणीस ओळी वेगळ्या आल्या, सगळ्या थकबाकीदारांच्या. लोकेल दुरुस्त केल्यावर एकही नाही. सिंकिंग फंड, पार्किंग, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस यांच्या रकमांत फरक दोन्ही खेपांना नव्हता. बेरीज-गुणाकाराला लोकेलशी देणंघेणं नसतं.

मराठीचं प्रकरण वेगळं. सभासदांची नावं आणि नोटिसांचे मायने जुन्या ८-बिट मराठी फॉन्टमध्ये होते, म्हणजे साठवलेली अक्षरं रोमन आणि त्यांवरची चिन्हं, दिसतात फक्त देवनागरी. फॉन्टच्या टीटीएफ फाइली प्रिफिक्समधल्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात टाकल्या की नावं दिसू लागतात. मोह असा होतो की लोकेल मराठी, एमआर_आयएन, ठेवावं. ते इथे अंगाशी येतं. विंडोजच्या जगात मराठीला, हिंदीलाही, स्वतःचं ८-बिट कोडपेज (अक्षरांना आकडे नेमून देणारा तक्ता) नाही. त्या फक्त युनिकोडवाल्या भाषा आहेत. इंग्रजीला १२५२ हे कोडपेज आहे आणि हे फॉन्ट त्याच्याच घरांत अक्षरं बसवतात. म्हणून मराठी दिसण्यासाठी लोकेल इंग्रजी. विचित्र वाटलं तरी कारण हेच.

टायपिंगचा मात्र तिढा सुटला नाही. जुन्या फॉन्टबरोबर येणारी कीबोर्डची उपयोजनं विंडोजच्या आतल्या हुकवर (दाबलेली कळ मधेच पकडण्याच्या सोयीवर) चालतात, वाइनमध्ये ती एक तर चालत नाहीत किंवा मधेच अक्षरं गिळतात. उलट लिनक्सच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डने युनिकोड टाकावं, तर व्हीबी ६ च्या मूळ चौकटी युनिकोड जाणतच नाहीत, प्रश्नचिन्हांची रांग लागते. आम्ही तडजोड केली: बिलांवर नव्या सभासदाचं नाव इंग्रजीत, आणि नोटिसा, सभेच्या सूचना, इतिवृत्तं सगळी लिब्रेऑफिसमध्ये युनिकोड मराठीत. हे खरं तर दहा वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं.

छपाईला सगळ्यात जास्त वेळ गेला. ऑफिसात नऊ पिनांचा, ऐंशी कॉलमचा डॉट मॅट्रिक्स आहे. बिल दोन प्रतींत, कार्बन घातलेल्या १० बाय १२ इंची सलग कागदावर. सीयूपीएसमध्ये एप्सन ९-पिनचा सर्वसाधारण ड्रायव्हर असतो, तो लावला. प्रोग्रॅमने छापलंही. पण हा रस्ता अक्षरं पाठवत नाही, पानाचं चित्र पाठवतो; डोकं एकेका ओळीवरून दोनदा-तीनदा फिरतं, चौऱ्याऐंशी बिलांना दुपार जाते आणि कार्बनप्रत फिकी येते. शिवाय पानाचा आकार ए४ राहिला होता. ए४ ची उंची २९७ मिलिमीटर, कागद १२ इंची म्हणजे ३०४.८. प्रत्येक बिल जवळपास ८ मिलिमीटर वर सरकतं आणि दहाव्या बिलाशी पोचेपर्यंत सोसायटीचं नाव छिद्रांच्या रेघेच्या पलीकडे, आधीच्या पानावर जाऊन बसतं.

प्रोग्रॅममध्ये 'डॉस प्रिंट' असा पर्याय होता. तो एलपीटी१ या प्रिंटरच्या जुन्या पोर्टवर सरळ अक्षरं आणि एस्केप कोड (प्रिंटरला द्यायच्या सूचना) पाठवतो, जसं डॉसच्या काळी पाठवत. हाच रस्ता घ्यायचा. लिनक्समध्ये यूएसबी प्रिंटर कर्नलच्या यूएसबीएलपी मोड्यूलमार्फत 'डेव्ह'मधल्या 'यूएसबी/एलपी०' या नावाने दिसतो. प्रिफिक्सच्या रजिस्ट्रीत लोकल मशीनखाली सॉफ्टवेअर, वाइन, पोर्ट्स या फांदीत 'एलपीटी१' नावाची किंमत करून तिच्यात ही वाट लिहिली, 'वाइनसर्व्हर -के' ने वाइन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केलं. पहिल्यांदा परवानगी नाकारली. युजरला 'एलपी' गटात घातलं. त्यानंतर लॉगआउट करून परत आत यावं लागतं, नुसतं टर्मिनल बंद-उघड करून भागत नाही.

मग छापलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही. एलपी० गायब. कारण सीयूपीएसची रांग अजून शिल्लक होती. सीयूपीएसचा यूएसबी बॅकएंड छापताना प्रिंटर कर्नलच्या ताब्यातून काढून स्वतःकडे घेतो, आणि कुणीतरी लिब्रेऑफिसमधून चुकून त्याच प्रिंटरवर एक पान पाठवलं होतं. एका प्रिंटरचे दोन मालक चालत नाहीत. सीयूपीएसमधून डॉट मॅट्रिक्सची रांग काढून टाकली, पत्रांसाठी लेझर तेवढा ठेवला. पानाची लांबी १२ इंच ही आता प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये आहे. आता एका बिलाला काही सेकंद लागतात. उरतो तो मुलुंडचा पावसाळा. कागदाचा गठ्ठा दमट झाला की कडेची छिद्रं ट्रॅक्टरच्या दातांवर नीट बसत नाहीत आणि दर पाच-सहा बिलांनी कागद तिरका ओढला जातो. त्याला वाइन काही करू शकत नाही. गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात.

वाइन म्हणजे सुरक्षेची पेटी आहे असा एक समज आहे, तो चुकीचा. मूळ रचनेत 'झेड:' ड्राइव्ह लिनक्सच्या मुळाला जोडलेली असते, म्हणजे वाइनमधल्या कुठल्याही प्रोग्रॅमला तुमच्या युजरचं सगळं घर उघडं. पेनड्राइव्हवरून आलेली घाणेरडी ईएक्सई वाइनमध्येही फाइली कुलूपबंद करू शकते. डॉसडिव्हाइसेसमधली झेडची सिमलिंक काढली, वाइनसीएफजीतून डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सच्या जोडण्या तोडल्या. आणि वाइन सूडोने, म्हणजे रूट या सर्वाधिकारी युजरच्या हक्काने, कधीही चालवू नका. सुरक्षेचा प्रश्न आहेच, पण त्याहून लवकर होणारा त्रास असा की प्रिफिक्समधल्या काही फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि नंतर प्रोग्रॅम रोजच्या युजरला उघडत नाही.

बॅकअप दोन प्रकारचे. डेटाचा फोल्डर रोज संध्याकाळी, प्रोग्रॅम बंद केल्यावर. शेजारी एलडीबी शेपटीची फाइल दिसत असेल तर डेटा अजून उघडा आहे असं समजून थांबायचं. मशीन मधेच बंद पडून ती फाइल उरली असेल तर वाइनसर्व्हर चालू नाही याची खात्री करून मगच पुसायची. प्रिफिक्स मात्र एकदाच, सगळं नीट चालल्यावर, टार करून (एका फाइलीत बांधून) ठेवला. दुसऱ्या मशीनवर तो तसाच उघडून बघितला आणि चालला. युजरचं नाव तेच ठेवलं होतं, कारण सी ड्राइव्हमधला युजरचा फोल्डर त्याच नावाने असतो.

वाइनचं पॅकेज 'ॲप्ट-मार्क होल्ड' ने गोठवलं आहे. नवी आवृत्ती आली की आधी प्रिफिक्सची प्रत काढायची, प्रतीवर अपग्रेड, तीच जुनी तिमाही पुन्हा, तेच डिफ, एक बिल कागदावर. बिलं तिमाहीच्या पहिल्या आठवड्यात निघतात. अपग्रेडचा विषय दुसऱ्या आठवड्याआधी काढायचा नाही, असं खजिनदारांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल पेनने लिहून ठेवलं आहे.